एकसष्टचे चक्र



फळ्यावर एक संख्या लिहिली आहे : २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१. एकोणीस अंकांची. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दहा, शंभर अशी सुरुवात करून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. आपल्या या संख्येला ती अठरा स्थाने पुरत नाहीत. ती वाचायची तर तेवीस परार्ध, पाच अंत्य, आठ जलधी, चार शंकू, तीन महापद्म असे म्हणत खाली यावे लागते. लिहायला मात्र ती फार सोपी आहे. दोनाचा एकसष्टावा घात करायचा आणि त्यातून एक वजा करायचा. संगणक संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहितो. त्या पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने एकसष्ट एक.

ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कोणीही निःशेष भागत नाही. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर गणित शिकवले. म्हणून आजची वेळ या एका संख्येलाच द्यावी असे मी ठरवले. ती मूळ आहे हे सांगायला एक वाक्य पुरते. ते माणसाला कळले कसे, ही खरी गोष्ट आहे, आणि तिचा एक धागा आपल्या बीडच्या भागातल्या गणितात आहे.

शाळेत शिकवलेली रीत म्हणजे एकेका संख्येने भागून पाहणे, वर्गमूळापर्यंत. आपल्या संख्येचे वर्गमूळ एकशे एक्कावन्न कोटी पंच्याऐंशी लाखांच्या आसपास येते. दर सेकंदाला एक भागाकार केला, झोपलो नाही, जेवलो नाही, तरी अठ्ठेचाळीस वर्षे लागतील. दोन, तीन, पाचच्या पटी वगळल्या तर काम कमी होते. फ्रेंच गणितज्ञ फेर्मा याने १६४० मध्ये दाखवलेला नियम लावला तर आणखी कमी होते : या संख्येला मूळ विभाजक असलाच तर त्याला १२२ ने भागून बाकी एकच उरली पाहिजे. अशा मूळ संख्यांतली पहिली ३६७. तरीही उरलेले काम एका माणसाच्या आवाक्यातले नाही. म्हणून वाट दुसरी शोधावी लागते, आणि त्या वाटेवर भास्कराचार्य भेटतात.

आधी एक विषय मिटवून टाकतो, कारण बीडमध्ये भास्कराचार्यांचे नाव काढले की तो निघतोच. ‘सिद्धांतशिरोमणी’त त्यांनी स्वतःबद्दल सांगितले आहे : जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ग्रंथ पूर्ण, आणि राहण्याचे ठिकाण सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड. हे विज्जडविड कोणते? आपले बीड, असे म्हणणारे आहेत. विजापूर म्हणणारे आहेत. चाळीसगावजवळचे पाटण म्हणणारे आहेत. बालाघाट ही सह्याद्रीचीच शाखा आहे आणि नावातही साम्य आहे, हे आपल्या बाजूचे मुद्दे. पाटणच्या बाजूने मात्र दगडावर कोरलेला पुरावा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. त्याला दिलेल्या दानाचा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. माझे मत पाटणकडे झुकते. पण हा वाद बीडने हरला तरी बीडचे काही जात नाही. हा सगळा प्रदेश त्या काळी एकाच विद्येच्या वावरातला होता. गोदावरीच्या दोन्ही काठांवर त्यानंतरही चारशे-पाचशे वर्षे ज्योतिषी घराणी नांदली. आपला वारसा गावाच्या नावात शोधण्यापेक्षा त्या माणसाने केलेल्या गणितात शोधावा, असे मला मनापासून वाटते. ते गणित आजही वही-पेन्सिल घेऊन करता येते.

तेच करू. आपल्या ‘बीजगणिता’त भास्कराचार्यांनी एक प्रश्न घातला आहे. कोणत्या संख्येच्या वर्गाला ६७ ने गुणून एक मिळवला म्हणजे पुन्हा पूर्ण वर्ग येतो? आणि ६१ ने गुणून? या प्रकाराला वर्गप्रकृती म्हणतात. ६७ किंवा ६१ ही प्रकृती, ज्या संख्येचा वर्ग गुणायचा ते कनिष्ठपद, उत्तरात येणाऱ्या वर्गाचे मूळ ते ज्येष्ठपद, आणि जे मिळवायचे तो क्षेप.

प्रश्न दिसायला निरुपद्रवी आहे. प्रकृती ६० असेल तर कनिष्ठपद ४ : साठ गुणिले सोळा, अधिक एक, नऊशे एकसष्ट, म्हणजे ३१ चा वर्ग. प्रकृती ६२ असेल तर ८. प्रकृती ६३ असेल तर नुसता १. मग ६१ ला किती असावा? सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. बावीस कोटी एकसष्ट लाख! त्याचे ज्येष्ठपद १,७६,६३,१९,०४९. एक, दोन, तीन करत शोधायला बसलेला माणूस आयुष्यभर शोधत राहील आणि शेवटी असे उत्तरच नाही म्हणून वही मिटेल.

भास्कराचार्यांनी ते चार-पाच ओळींत काढले. त्या ओळी तुमच्यापुढे मांडतो. ८ चा वर्ग ६४, तो ६१ पेक्षा तीनाने जास्त. म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता असा अंक निवडायचा की तो ८ मध्ये मिळवला की बेरजेला तीनाने भाग जावा, आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. सात घ्या. आठ अधिक सात पंधरा, भागिले तीन, पाच : हे नवे कनिष्ठपद. ज्येष्ठपद येते ३९. पडताळा पाहा : ३९ चा वर्ग १,५२१, ६१ गुणिले २५ बरोबर १,५२५, क्षेप उणे चार. एकाच फेऱ्यात तीनाचा क्षेप उणे चार झाला. हेच चक्रवाल. प्रत्येक फेऱ्यातून निघालेली पदे पुढच्या फेऱ्यात घालायची, आणि क्षेप एकवर येईपर्यंत फिरत राहायचे.

उणे चारवर आले की आणखी फिरण्याची गरज नाही. तिथून ब्रह्मगुप्ताची भावना कामाला येते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त सांगितले की एकाच प्रकृतीच्या दोन उत्तरांतून तिसरे उत्तर तयार करता येते, आणि तसे करताना त्यांच्या क्षेपांचा गुणाकार होतो. ३९ आणि ५ ची अर्धी केली की क्षेप उणे एक होतो, पण पदे अपूर्णांकात जातात. तीच पदे भावनेने तीनदा एकत्र आणली की अपूर्णांक निघून जातात आणि २९,७१८ व ३,८०५ ही पूर्ण पदे मिळतात, क्षेप अजून उणे एकच. त्यांची स्वतःशीच एकदा भावना केली की उणे एकाचा वर्ग एक होतो आणि आपले बावीस कोटींचे उत्तर हाती येते. सायंकाळी घरी जाऊन विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे. तासाभराचे काम आहे.

चक्रवालाचे श्रेय एकट्या भास्कराचार्यांना देऊ नये. जयदेव नावाच्या गणितज्ञाची हीच रीत उदयदिवाकराने इ. स. १०७३ मध्ये उद्धृत केलेली आहे. भास्कराचार्यांनी ती स्वच्छ मांडली आणि तिला ६१ सारखी परीक्षा घेणारी उदाहरणे दिली.

६१ च इतके कठीण का, याच्या उत्तराचा एक भाग त्याच्या मूळ असण्यात आहे. ६१ ही मूळ संख्या आहे आणि तिला चाराने भागले की बाकी एक उरते. अशा प्रत्येक मूळ संख्येचे दोन गुण ठरलेले असतात. ती दोन वर्गांची बेरीज असते : ६१ म्हणजे २५ अधिक ३६. आणि तिच्या वर्गप्रकृतीत क्षेप उणे एकचे उत्तर हमखास असते. अधिक एकचे उत्तर त्या उणे एकच्या उत्तराचीच भावना करून येते, त्यामुळे त्याचे अंक जवळजवळ दुप्पट होतात. ६७ सुद्धा मूळच, पण चाराने भागून बाकी तीन. तिथे उणे एक कधीच येऊ शकत नाही, आणि सर्वांत लहान उत्तर लवकर सापडते : कनिष्ठ ५,९६७, ज्येष्ठ ४८,८४२. एकाच श्लोकात शेजारीशेजारी ठेवलेल्या या दोन मूळ संख्यांचा स्वभाव इतका वेगळा आहे. ही निवड सहज झाली असेल असे मला वाटत नाही.

भास्कराचार्यांनंतर पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समध्ये फेर्माने आपल्या समकालीनांना हाच प्रश्न आव्हान म्हणून घातला आणि उदाहरणादाखल ६१ व १०९ हे अंक दिले. त्याला आपल्याकडचे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ‘बीजगणिता’चा कोलब्रुकने केलेला इंग्रजी अनुवाद १८१७ चा. कठीण जागा कुठे आहे हे दोघांना आपापल्या वाटेने कळले, एवढेच.

आता त्याच फ्रान्समधला मर्सेन. हा संन्यासी होता आणि युरोपभरच्या विद्वानांची पत्रे त्याच्याकडे येत. १६४४ मध्ये त्याने एक यादी छापली : २५७ पर्यंतच्या कोणकोणत्या घातांकांना दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या मिळते. यादीत ६७ होता. ६१ नव्हता. दोन्ही चुकले! दोनाचा ६७ वा घात वजा एक ही मूळ नाही, हे फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुका याने १८७६ मध्ये दाखवले. आणि ६१ ची संख्या मूळ आहे हे १८८३ मध्ये सिद्ध केले इव्हान पेर्वुशिन याने. हा रशियात उरलच्या भागातला एका खेड्यातला पाद्री होता. विद्यापीठ नाही, सहकारी नाहीत, हाताने केलेले आकडे. भास्कराचार्यांनी जोडीने दिलेल्या ६७ आणि ६१ या दोन्ही अंकांवर मर्सेन अडखळला, हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून काही सिद्ध होत नाही. तरीही हे जेव्हा माझ्या लक्षात आले, तेव्हा त्या दिवशी दुसरे काही सुचले नाही.

आता मुख्य गोष्ट. अशा संख्या तपासण्याची आजची रीत लुकाची आहे. अमेरिकेच्या लेहमरने ती १९३० मध्ये नीटनेटकी केली. ती इतकी लहान आहे की सातवीतला मुलगा करू शकतो. चारापासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा, तपासायच्या संख्येने भागा, बाकी ठेवा. त्या बाकीचे पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही आली तर संयुक्त.

दोनाचा सातवा घात वजा एक, म्हणजे १२७ घेऊ. पाच पायऱ्या. चाराचा वर्ग सोळा, वजा दोन, चौदा. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४, त्यातून १२७ गेले, ६७. (हा ६७ पुन्हा आला, पण त्याच्याकडे आज लक्ष देऊ नका.) ६७ चा वर्ग वजा दोन ४,४८७, बाकी ४२. ४२ चा वर्ग वजा दोन १,७६२, बाकी १११. १११ चा वर्ग वजा दोन १२,३१९, आणि हे बरोबर १२७ गुणिले ९७. बाकी शून्य. १२७ मूळ. तीन, पाच, सात, अकरा यांपैकी कोणाचीही गरज पडली नाही.

आपल्या मोठ्या संख्येला अशा एकोणसाठ पायऱ्या लागतात. दीडशे कोटी भागाकारांच्या जागी एकोणसाठ वर्ग!

ही चार, चौदा, एकशे चौऱ्याण्णव यांची माळ आली कुठून? अर्धी करून पाहा : दोन, सात, सत्त्याण्णव. आता प्रकृती ३ घेऊन वर्गप्रकृती सोडवा. कनिष्ठ १, ज्येष्ठ २ : तीन अधिक एक चार. याची स्वतःशी भावना करा, म्हणजे आपल्या ग्रंथांतली तुल्यभावना : कनिष्ठ ४, ज्येष्ठ ७, अठ्ठेचाळीस अधिक एक एकोणपन्नास. पुन्हा करा : कनिष्ठ ५६, ज्येष्ठ ९७. पुन्हा : ज्येष्ठ १८,८१७, आणि हे ३१ ने निःशेष भागले जाते, कारण ३१ म्हणजे दोनाचा पाचवा घात वजा एक, आणि तो मूळ आहे. म्हणजे लुका-लेहमरची कसोटी ही तीन या प्रकृतीवर ब्रह्मगुप्ताची भावना पुन्हा पुन्हा करत जाणे आहे, आणि ठरलेल्या फेऱ्याला ज्येष्ठपद आपल्या संख्येने भागले जाते का, एवढेच पाहायचे आहे. लुकाने हे ब्रह्मगुप्ताकडून घेतले असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. गणित तेच आहे, हे मात्र कोणालाही पडताळून पाहता येईल.

ती का चालते, याची कल्पना थोडक्यात देतो. पूर्ण संख्यांच्या जोडीला तीनाचे वर्गमूळ घेतले आणि सगळे हिशेब एखाद्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत केले, तर शून्य सोडून मिळणाऱ्या निरनिराळ्या राशी त्या मूळ संख्येच्या वर्गापेक्षा कमीच असतात. आपल्या एकोणीस अंकी संख्येला विभाजक असता, तर तिचा सर्वांत लहान मूळ विभाजक तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा नसता. म्हणजे त्याच्या बाकीच्या जगात एकूण राशी आपल्या संख्येपेक्षा कमी भरल्या असत्या. पण एकोणसाठाव्या पायरीवर शून्य आले याचा अर्थ असा, की भावनेचा फेरा मूळ ठिकाणी परत येईपर्यंत बरोबर दोनाच्या एकसष्टाव्या घाताइतक्या निरनिराळ्या राशींवरून जातो. तितक्या राशी त्या लहान जगात मावत नाहीत. म्हणून विभाजक नाही. इतके भरभक्कम कारण असताना विभाजक शोधायला एकही भागाकार करून पाहण्याची गरज उरत नाही.

ही कसोटी एक गोष्ट सांगत नाही. संख्या संयुक्त निघाली तर तिचे विभाजक कोणते, ते तिला माहीत नसते. ६७ च्या बाबतीत म्हणूनच १८७६ नंतर सत्तावीस वर्षे लोकांना एवढेच माहीत होते की ही संख्या तुटते. कुठे तुटते ते ठाऊक नव्हते. १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ कोल याने ते तुकडे दिले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. संख्या मूळ नाही हे जाणणे आणि तिचे तुकडे करणे ही दोन कामे इतकी दूरची आहेत. बँकेचा व्यवहार मोबाइलवरून करताना आपली माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या एका मोठ्या पद्धतीचा पाया याच अंतरावर आहे. शेकडो अंकी मूळ संख्या शोधणे सोपे, आणि दोन तशा संख्यांच्या गुणाकारातून त्या परत वेगळ्या काढणे अतिशय कठीण. कोणतीही संख्या मूळ आहे का हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवणारी सर्वसाधारण रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे.

आपल्या संख्येचा रोजचा उपयोगही आहे. आपण लहानपणी नऊचा ताळा पाहत असू. अंकांची बेरीज करत गेलो की नऊने भागल्यावरची बाकी आपोआप मिळते, कारण दहातून एक गेला की नऊ. फळ्यावरच्या संख्येच्या अंकांची बेरीज त्र्याहत्तर, म्हणजे ताळा एक. संगणकाच्या दोन अंकी पद्धतीत ओळीने एकसष्ट एक असलेल्या संख्येचे स्थान आपल्या नऊसारखे आहे. तिने भागायचे तर भागाकार करावाच लागत नाही. संख्येचे एकसष्ट-एकसष्ट अंकांचे तुकडे पाडून त्यांची बेरीज घ्यायची. भागाकार फुकट, आणि वर ती संख्या मूळ, म्हणून बाक्या सगळीकडे सारख्या विखुरतात. पायथॉन या संगणकभाषेत आजच्या यंत्रांवर संख्यांना खुणेचा अंक देताना याच संख्येने भागून बाकी घेतात. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या मुलामुलींनी महाविद्यालयात ती भाषा शिकायला घेतली आहे, त्यांनी पेर्वुशिनची संख्या नकळत वापरलेलीच आहे.

आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या याच घराण्यातली आहे : दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक. अंक ४,१०,२४,३२०. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट या अमेरिकन संशोधकाने ती शोधली, आणि तिच्यावर शेवटचे शिक्कामोर्तब झाले ते लुका-लेहमरच्या कसोटीनेच. चार, चौदा, एकशे चौऱ्याण्णव, आणि पुढे तेरा कोटींहून जास्त पायऱ्या. अशा बावन्न मूळ संख्या आजवर सापडल्या आहेत. त्या संपतात की अनंत आहेत, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

विद्यार्थ्यांसाठी दोन संख्या ठेवून मी थांबतो. पहिली २,०४७, दोनाचा अकरावा घात वजा एक. नऊ पायऱ्या करा. बाक्या अशा येतील : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १,८७७, २४०, २८२ आणि शेवटी १,७३६. शून्य नाही, म्हणजे ती तुटते. २३ ने भागून पाहा. दुसरी ८,१९१, दोनाचा तेरावा घात वजा एक. तिच्या अकरा पायऱ्या मी मुद्दाम सांगत नाही. कागद-पेन्सिल घ्यायची, मोबाइल बाजूला ठेवायचा, आणि अकराव्या पायरीवर काय येते ते आपल्या शिक्षकांना दाखवायचे.